व्हॅन ब्रॉकलिन की लँड्री?

न्यू जर्सीतल्या भाच्याला शाळेच्या प्रकल्पासाठी जुन्या काळातला एक फुटबॉलपटू-प्रशिक्षक निवडायचाय (अमेरिकन फुटबॉल, आपलं नव्हे). नॉर्म व्हॅन ब्रॉकलिन की टॉम लँड्री, इथे गाडी अडलीय.

खेळाडू म्हणून तुलनाच नको. व्हॅन ब्रॉकलिनने १९५१ मध्ये रॅम्स संघाकडून एकाच सामन्यात ५५४ यार्डांचं पासिंग (चेंडू फेकून मिळवलेलं अंतर) केलं. तो विक्रम अजून मोडलेला नाही. १९६० साली त्याने ईगल्स संघाला विजेतेपद मिळवून दिलं, तेही नावाजलेले प्रशिक्षक लोम्बार्डी यांच्या पॅकर्सना १७-१३ हरवून. लँड्री जायंट्स संघाचा बचावपटू. चांगला होता, पण बचावपटूची गोष्ट रंगवून सांगणं अवघड.

प्रशिक्षक म्हणून मात्र पारडं फिरतं. दोघांनाही अगदी कोरे, नव्याने उभे राहिलेले संघ मिळाले. लँड्रीच्या काउबॉइजनी १९६० च्या पहिल्या हंगामात एकही सामना जिंकला नाही, तरी हा गडी २९ हंगाम टिकला आणि दोन सुपर बोल (लीगची अंतिम लढत) घेऊन गेला. व्हॅन ब्रॉकलिनच्या वायकिंग्जनी १९६१ ला पहिलाच सामना मारला, पण माणूस तापट. संघाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) टार्केंटनशी बिनसलं. वायकिंग्ज आणि नंतरचा फाल्कन्स, दोन्ही संघ मिळून प्रशिक्षक म्हणून ६६ विजय, १०० पराभव.

पाच मिनिटांत वर्ग जिंकायचा असेल तर व्हॅन ब्रॉकलिन घे. फळ्यावर बचावाच्या आकृत्या काढून समजावायची हौस असेल तर लँड्री.