दर रविवारी की सहा महिने मुक्काम?

वन्यजीव संवर्धनात करिअर करायचंय. मग अभयारण्यात दर रविवारी स्वयंसेवक म्हणून जावं की नोकरी सोडून सहा महिने तिथेच राहावं, असा एका मैत्रिणीचा पेच.

खर्चात रविवार स्वस्त. मुक्कामात पगार बंद, कधी जेवणाचे पैसेही आपलेच. (भरमसाट फी घेऊन 'अनुभव' विकणाऱ्या सहली मी मोजतच नाही.)

शिकण्यात मात्र मुक्काम सरस. रविवारी बहुधा घुसखोर तण उपटणं, पायवाटा साफ करणं. पहाटे ट्रान्सेक्टवर ठरल्या रेषेत चालत प्राणी मोजणं, कॅमेरा ट्रॅपचे (प्राणी समोर आला की आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्यांचे) फोटो ओळखून नोंदवणं हे सलग राहिल्याशिवाय हातात बसत नाही, आणि मुलाखतीत तेच कामी येतं. ओळखी दोन्हीकडे होतात. फक्त नियमितपणा हवा.

हे काम झेपेल का, हीच शंका असेल तर रविवार. पदवी आणि थोडी शिल्लक गाठीशी असेल तर मुक्काम.