मान्सून वेडिंग : मांडववाल्याचा सिनेमा

लग्नाच्या गोंधळावरचे विनोदी सिनेमे बहुतेक ठरावीक युक्त्यांवर चालतात. नवरी पळते, दागिने हरवतात, दोन पाहुण्यांची अदलाबदल होते. मीरा नायर यांच्या २००१ सालच्या 'मान्सून वेडिंग'ला यातलं काहीच लागत नाही. दिल्लीतलं खातंपितं पंजाबी घर, ह्यूस्टनचा नवरा मुलगा, तोंडावर आलेलं लग्न आणि भर पावसाळा. एवढ्या ऐवजातून घोळ आपोआप होतो.

सुरुवातीलाच झेंडूची कमान गळून पडतेय आणि वधूपिता ललित वर्मा (नसीरुद्दीन शाह) मांडववाल्याच्या नावाने खडे फोडतोय. हा मांडववाला पी. के. दुबे म्हणजे विजय राज. 'एग्झॅक्टली अँड अप्रॉक्सिमेटली' हे त्याचं पालुपद. मांडव घातलेल्या कुणालाही हे गणित पाठ असतं: वेळ नेमकी सांगायची आणि सैल सोडायची, दोन्ही एका दमात. पुढे तो पांढराशुभ्र मांडव उभारतो. लग्नघरात पांढरं पाहून ललितचा पारा चढतो, तर दुबे त्याला फॅशन म्हणून पटवायला बघतो. वर पावसापासून बचाव हवा तर त्याचे पैसे निराळे! ऐन पावसाळ्यात. हसू येतं ते या व्यवहारामुळे. ललितला पैशांची चणचण आहे हे कळलं की तेच हसू जरा अडखळतं.

दुबेचं घरच्या मोलकरणीवर, अ‍ॅलिसवर मन बसतं. ती मालकिणीचे दागिने अंगावर घालून आरशात बघते, तो धागा सिनेमातला सगळ्यात नाजूक. संवाद जवळजवळ नाहीत. तिलोत्तमा शोम आरशासमोर मान किंचित वळवते तेवढ्यात सगळं कळतं. दुबेची माणसं खिडकीतून पाहतात आणि त्यांना ती चोर वाटते. धंद्यातला बडबड्या दुबे मग झेंडूच्या फुलांचं बदाम घेऊन माफी मागायला येतो आणि तिथे त्याची वाचा बसते. झेंडू त्याच्या रोजच्या कामाचा माल आहे, म्हणून हे गोड असूनही गुळमट होत नाही.

छायाचित्रण डेक्लन क्विन यांचं, कॅमेरा हातात धरलेला. सबंध चित्रीकरण सुमारे 30 दिवसांत उरकलं. त्यामुळे माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात, चेहरे चौकटीबाहेर जातात. पहिली पंधरा मिनिटं कोण कुणाचा कोण हे नीट लागत नाही. लागू नयेच. वऱ्हाडात तरी कुठे लागतं? संवाद हिंदी, पंजाबी, इंग्रजी असे मिसळून येतात, तेव्हा उपशीर्षकं चालू ठेवा.

कच्चे दुवेही आहेत. नवरी अदितीचं एका विवाहित माणसाशी प्रकरण असतं. ती ते नवऱ्या मुलाला, हेमंतला सांगते, तो चिडतो आणि फार लवकर निवळतो. लग्नघरातल्या राहुल आणि आयेशा या तरुण पात्रांचं प्रेम नाचगाण्यापुरतं उरतं. पण अदितीची चुलत बहीण रिया, तिच्या बाबतीत पटकथाकार सबरीना धवन यांनी हात आखडता घेतलेला नाही. घरच्याच मानाच्या माणसाने, तेजने (रजत कपूर), तिच्यावर लहानपणी केलेला अत्याचार ऐन लग्नात उघड होतो. ज्याच्या उपकाराखाली घर आहे त्याला मांडवातून जायला सांगायचं, हे ललितला जड जातं. शाह इथे आवाज चढवत नाहीत, हात जोडून बोलतात. ज्यांना निव्वळ हलकंफुलकं हवंय, लहान मुलांसोबत बघायचंय, त्यांनी हा भाग धरूनच चालावं.

व्हेनिस चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, गोल्डन लायन, याला मिळाला, याआधी भारतात तो सत्यजित राय यांच्या 'अपराजितो'ला मिळाला होता. लांबी दोन तासांच्या आत. शेवटी वरात पावसात सापडते, सगळे चिंब नाचतात आणि दुबे-अ‍ॅलिसलाही त्यात ओढून घेतात. पावसाचे पैसे निराळे मागणारा माणूस त्याच पावसात भिजतो.