बडोद्यात एजंटमार्फत घेतलेलं गृहकर्ज आणि नाकारलेला विमा: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

मे २०२५मध्ये आम्ही मांजलपूरला फ्लॅट घेतला. रीसेलचा, दोन बेडरूमचा. त्याआधी अकरा वर्षं दांडिया बाजारात भाड्याने राहत होतो. कर्ज ३२ लाख, मुदत २० वर्षं, व्याज तेव्हा साडेआठ टक्के फ्लोटिंग (म्हणजे बदलतं), हप्ता २७,७७० रुपये. बँकेत थेट न जाता एका कर्ज एजंटमार्फत फाइल टाकली. बँकेचं आणि एजंटचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण लोकांशी बोलल्यावर कळलं की हे एकाच ठिकाणी घडत नाही.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरं आहे. घराचे कागद गोळा करण्यात एजंटने फार मदत केली. बानाखत (विक्रीचा आधी होणारा करार), विकणाऱ्यांचा जुना दस्तावेज, इंडेक्स-२ (नोंदणीचा उतारा), वेरा बिल (घरपट्टी), बी.यू. परमिशन (इमारत वापरायची परवानगी), वकिलाचं टायटल सर्टिफिकेट, यातलं काय कमी आहे ते त्याला फाइल चाळताच कळायचं. फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर केला तर गुजरातेत एक टक्का नोंदणी फी माफ होते, हेही त्यानेच सांगितलं. आमचे जवळजवळ चाळीस हजार वाचले. आमच्याकडून त्याने एक रुपया घेतला नाही, त्याचं कमिशन बँक देते.

अडचण विम्याने आणली. पहिल्याच भेटीत तो म्हणाला, "बेन, लोन प्रोटेक्शन तर घ्यावंच लागेल." म्हणजे कर्जदार गेला तर उरलेलं कर्ज फेडणारा विमा. एकरकमी प्रीमियम १,१८,००० रुपये, तो कर्जातच मिळवायचा, म्हणजे खिशातून काही जात नाही. मी तिथेच हिशोब केला. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षं फेडायचे तर महिन्याला १,०२४ रुपये, एकूण सुमारे २ लाख ४५ हजार. आणि संरक्षण कर्जाबरोबर कमी होत जाणार. ह्यांची टर्म पॉलिसी (ठरावीक मुदतीचा जीवन विमा) आधीपासून होती, माझी मी त्याच महिन्यात काढली. त्या दोन्हींची रक्कम घरच्यांच्या हातात पडेल. कर्जाच्या ग्रुप पॉलिसीत मुख्य पॉलिसीधारक बँक असते आणि आधी कर्ज वळतं होतं. मी स्पष्ट सांगितलं, नको. तो म्हणाला, "चालेल."

मला विम्याचं वावडं नाही. घराचा विमा मी बँकेने मागायच्या आत काढला. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा ओळखीच्यांच्या घरात कमरेएवढा चिखल पाहिला होता. "भारत गृह रक्षा" ही ठरावीक अटींची पॉलिसी आहे, त्यात आगीबरोबर पूर आणि भूकंपही येतो. ती मी वेगळ्या कंपनीकडून घेतली आणि प्रत बँकेला दिली. घराचा विमा आणि कर्जदाराच्या जिवाचा विमा एकाच दमात सांगून दोन्ही सक्तीचे वाटतील असं बोललं जातं. पहिला कर्जाच्या करारात मागितला जातो. दुसरा घ्यायचा की नाही, ते आपण ठरवायचं.

तर तोंडाने "नको" म्हणून झालं. पुढच्या आठवड्यात सह्यांचा गठ्ठा आला. प्रत्येक पानावर पेन्सिलीने छोटी फुली, जिथे फुली तिथे सही. संध्याकाळची वेळ, मुलाची परीक्षा, एजंट समोर बसलेला, आणि पानं साठाच्या वर. ह्यांनी सह्या सुरू केल्या. मी मागून वाचत होते. मधल्या एका पानावर उंची, वजन, मधुमेह आहे का, धूम्रपान करता का, असे प्रश्न होते. घर गहाण ठेवायला माणसाची उंची कशाला हवी? तो विम्याचा प्रस्ताव आणि आरोग्याचं जाहीरपत्र होतं, आणि ह्यांची सही त्यावर होऊन गेली होती. एजंट म्हणाला, "आ तो फॉर्मॅलिटी छे, बेन, सेटमध्येच येतं." मी त्या पानांवर तिरकी रेघ मारून "विमा नको" लिहिलं, खाली तारीख घातली. माझी चूक अशी की ती पानं मी परत गठ्ठ्यातच जाऊ दिली. फाडून घरी ठेवायला हवी होती, निदान मोबाइलवर फोटो तरी. फोटो घेतले ते फक्त पहिल्या आणि शेवटच्या पानाचे.

मंजुरीपत्र आलं त्यात ३२,००,००० आणि खाली वेगळ्या ओळीत १,१८,०००. मी ईमेल केला. एजंटचा फोन आला की सिस्टिममध्ये असंच येतं, नंतर ती ओळ काढून टाकू, आणि विमा वगळला तर व्याज वाढेल. मी म्हटलं, वाढत असेल तर तसं पत्र द्या. ते पत्र कधी आलं नाही, व्याजही वाढलं नाही.

इथे एक कागद फार कामाला आला. १ ऑक्टोबर २०२४पासून प्रत्येक नव्या गृहकर्जाबरोबर बँकेला मुख्य तथ्यांचं पत्रक द्यावं लागतं. त्यात व्याज, फी, आणि दुसऱ्यांच्या वतीने वसूल केलेले पैसे, म्हणजे विमासुद्धा, वेगळे दाखवावे लागतात आणि ते सगळं धरून वर्षाचा खरा दर द्यावा लागतो. हे पत्रक कमीत कमी तीन कामाचे दिवस चालतं. म्हणून "आजच सही करा, नाहीतर ऑफर जाईल" याला मी बधले नाही. नवं मंजुरीपत्र आणि विम्याच्या ओळीत शून्य असलेलं नवं पत्रक आल्यावरच सही केली. यात सहा दिवस गेले. बानाखताची मुदत संपत आली होती आणि विकणाऱ्या काकांना मुलाकडे पुण्याला जायचं होतं. त्यांनी सांभाळून घेतलं, त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. ते सहा दिवस मला झोप नव्हती.

१४ मेला पैसे सुटले. मला वाटलं, संपलं.

२ जूनला ह्यांच्या ईमेलवर विम्याचं प्रमाणपत्र आलं आणि पाठोपाठ बँकेचा मेसेज. कर्जखाती दोन होती. एक ३२ लाखांचं, बरोबर. दुसरं १,१८,००० रुपयांचं, हप्ता १,०२४. मंजुरीपत्रातून ओळ काढली होती, पण गठ्ठ्यातला जुना प्रस्ताव तसाच पुढे गेला होता. हप्ता कापण्याच्या आदेशात कमाल रक्कम एजंटने पन्नास हजार भरली होती, म्हणून दुसऱ्या खात्याचा हप्ताही त्यातूनच गेला असता. पहिला हप्ता १० जूनचा होता.

त्या रात्री मी पत्र लिहिलं. पॉलिसी हातात आल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते, हे मला ठाऊक होतं. पण त्या मार्गाने गेलं तर स्टॅम्प ड्युटी आणि मधल्या दिवसांच्या विम्याचा खर्च कापतात. म्हणून "पॉलिसी रद्द करा" एवढंच न लिहिता मी लिहिलं की ही पॉलिसी आम्ही घेतलीच नव्हती, सुधारित मंजुरीपत्र आणि पत्रक सोबत जोडलंय, पूर्ण रक्कम परत करून दुसरं खातं उघडलं त्या तारखेपासून रद्द करा. हे मान्य नसेल तर हेच पत्र तीस दिवसांच्या मुदतीतला परतीचा अर्ज समजा, असंही खाली जोडलं. एक प्रत विमा कंपनीला, एक बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला, एक शाखेत हातोहात देऊन पोच घेतली. शेवटी एक ओळ: तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ. तिथे तक्रार करायला पैसे लागत नाहीत आणि वकीलही लागत नाही.

९ जूनला दुसरं खातं बंद झालं. सव्वीस दिवसांचं व्याज ७१४ रुपये मात्र आमच्याकडेच लावलं होतं. ते परत मिळवायला दुसरं पत्र, दोन फेऱ्या आणि जून अखेर लागली. रक्कम छोटी होती, पण न घेतलेल्या कर्जाचं व्याज मी का भरावं?

त्याच सुमारास ह्यांच्या लेस्टरच्या मावसभावाशी बोलणं झालं. तो म्हणाला, इंग्लंडात असाच पेमेंट प्रोटेक्शन विमा वर्षानुवर्षं कर्जाबरोबर विकला गेला. लोकांना परतावा मागायची शेवटची तारीख २९ ऑगस्ट २०१९ होती आणि बँकांनी ३८ अब्ज पौंडांहून जास्त परत केले. कित्येकांना आपल्या कर्जात विमा आहे हेच माहीत नव्हतं. ते ऐकून मला ह्यांची सही झालेलं ते पान आठवलं.

मग ऑक्टोबरात क्रेडिट रिपोर्ट काढला. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. त्यात ते दुसरं कर्ज अजून चालू दिसत होतं! पुन्हा तक्रार. दुरुस्तीला तीस दिवसांपेक्षा जास्त लागले तर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागते, हे पत्रात लिहिलं. बाविसाव्या दिवशी दुरुस्त झालं. हप्त्याचा आदेशही नवा करून घेतला, कमाल रक्कम स्वतःच्या हाताने लिहून. गहाण ठेवलेल्या मूळ कागदांची यादी शाखेच्या शिक्क्यासह मागून घेतली, तीही एजंटने दिली नव्हती. कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत कागद परत मिळाले नाहीत तर दिवसाला पाच हजार भरपाईचा नियम आहे, पण कोणते कागद दिले ते सिद्ध करायला ही यादी लागेल.

कर्जाबद्दल आज तक्रार नाही. रिझर्व्ह बँकेने जूनमध्ये रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो, कमी केल्यावर सप्टेंबरात आमचं व्याज आठ टक्क्यांवर आलं. हप्ता तोच ठेवून मुदत कमी करून घेतली. एजंटबद्दल विचाराल तर घराचे कागद जमवायला मी पुन्हा त्याच्याकडे जाईन. पैशांचे कागद मात्र त्याच्या हातून येऊ देणार नाही, ते शाखेत बसून वाचेन आणि तिथेच सही करेन. माणूस वाईट नव्हता. विमा विकला की त्याचं महिन्याचं टार्गेट भरत होतं.

माझ्या जावेची वासणा-भायलीच्या फ्लॅटची फाइल पुढच्या आठवड्यात आहे. मी बरोबर जाणार आहे. तिला सांगितलंय, सह्यांचा गठ्ठा एक रात्र घरी मागून घे, प्रत्येक पानाचा फोटो काढ, आणि पेन्सिलीच्या सगळ्या फुल्या आधी खोडून टाक.