पॉलिटोपियात पहिली ट्राइब कुठली घ्यावी? बार्डूर, इम्पेरियस, ओमाजी का शिन-शी

आपल्याकडची पोरं पॉलिटोपिया लई खेळायलेत आणि दर दोन दिवसाला तोच प्रश्न येतो, सगळ्यात भारी ट्राइब कुठली सांगा. आळीपाळीनं चाल करत शहरं वाढवायची आणि लढायचं अशी ही गेम, फोनवर फुकट आहे, नेट गेलं तरी बॉटसोबत, म्हणजे कॉम्प्युटरच्या खेळाडूसोबत, चालते, त्यामुळं परभणी-नांदेडच्या गाडीत असो की लातूरला क्लास सुटल्यावर मेसच्या रांगेत, एखादी गेम आरामात होते. ट्राइब म्हणजे तुम्ही जी टोळी घेऊन खेळता ती. फुकटात चार ट्राइब येतात, इम्पेरियस, बार्डूर, ओमाजी आणि शिन-शी. बोलायचं ते या चौघींबद्दल.

आधी एक समजून घ्या, या चौघींचे सैनिक सारखेच असतात. इम्पेरियसचा वॉरियर काय बार्डूरच्या वॉरियरपेक्षा कमजोर नाही. फरक दोनच, सुरुवातीला कुठलं टेक, म्हणजे शिकलेली विद्या, हातात असतं आणि तुमच्या भागात जमिनीवर काय सापडतं. म्हणजे ट्राइबचा जोर सगळा सुरुवातीच्या टर्नमधी, तिथं जो पुढं गेला तो मग पुढंच राहतो, म्हणून लोकं म्हणतात ट्राइब भारी.

आता हिशोब बघा. सुरुवातीला पाच स्टार, स्टार म्हणजे गेममधले पैसे. इम्पेरियसला ऑर्गनायझेशन असतंय, म्हणजे फळं तोडता येतात, एका फळाला दोन स्टार खर्च, आणि त्यानं शहराची लोकसंख्या वाढते. दोन फळं तोडली की चार स्टार गेले पण राजधानी पहिल्याच टर्नला लेव्हल दोन, लेव्हल वाढल्याचं बक्षीस म्हणून तिथं वर्कशॉप घ्या, की दर टर्नला दोनाऐवजी चार स्टार यायला लागतात. बार्डूरचं पण डिट्टो तसंच, फक्त फळाऐवजी शिकार. इथपर्यंत दोघी बरोबरीत.

पुढं बार्डूर सुटते. तिच्याकडं जनावरं तर असतातच पण फळं पण बरी असतात, त्यामुळं पाच स्टारचं ऑर्गनायझेशन घेतलं की परत दोन-दोन स्टारवाली स्वस्त वाढ चालू. इम्पेरियसकडं फळं भरपूर पण जनावरं कमी, तिला मग फार्मिंगकडं जावं लागतं, ते दुसऱ्या पायरीचं टेक, वरून एक शेत पाच स्टारला, लोकसंख्या वाढते दोननं. वाईट नाही, पण तेवढे पाच स्टार एकदम साठवून ठेवायला लागतात आणि नवीन माणूस साठवत नाही, वॉरियर काढून मोकळा होतो. शिवाय बार्डूरला जंगल, आणि जंगलात शिरलं की चाल तिथंच थांबते, म्हणजे तुमच्यावर धावून येणारे घोडे अडकतात, आर्चरी घेतली की त्याच जंगलात तुमच्या लोकांना बचाव पण जास्त. निव्वळ जिंकायचं असेल तर बार्डूर, त्यात वाद नाही.

ओमाजी वेगळं प्रकरण आहे. पहिलाच सैनिक घोडेस्वार, मॅपवरचे दोन चौकोन चालतो, मारून परत मागं सरकतो. आजूबाजूची गावं सगळ्यात आधी हिलाच दिसतात आणि गावावर उभं राहून पुढच्या टर्नला ते ताब्यात घ्यायचं, त्यात ही पटाईत. पण वाळवंट आहे, जनावरं जवळपास नाहीत, घरी बसून काही वाढत नाही, लढावंच लागतंय. घोडेस्वाराचा बचाव वॉरियरच्या निम्मा, म्हणून समोरच्याला पहिला फटका मारू दिला की संपलं. लहान मॅपवर एकच शत्रू असेल तर मजा येते, मोठ्या मॅपवर दमछाक.

शिन-शी सगळ्यात शेवटी ठेवा. क्लाइंबिंग असतं, डोंगरावर चढून लांबचं दिसतं, बचाव पण चांगला, पण त्यानं राजधानीत एक माणूस वाढत नाही. मायनिंगला सहा स्टार आणि वर खाणीला पाच, म्हणजे अकरा स्टार गेल्यावर पहिली वाढ, जिथं इम्पेरियसनं चारातच काम केलं होतं! त्यापेक्षा पहिल्याच टर्नला पाच स्टार ऑर्गनायझेशनला घाला आणि पुढच्या दोन टर्नला एकेक फळ, पण तरी दोन टर्न मागं राहिलातच.

ट्राइब कुठली पण घ्या, टेकच्या किमतीकडं लक्ष पाहिजे. पहिल्या पायरीच्या टेकला जेवढी शहरं तेवढे अधिक चार स्टार, दुसऱ्या पायरीला शहरांच्या दुप्पट अधिक चार. म्हणजे एक शहर असताना पाचाला मिळणारं टेक तीन शहरं झाली की सातला. हे कळलं की पोरं लगेच सगळी टेक आधीच घेऊन ठेवतात, आणि ते म्हणजे पेरणीच्या टायमाला हातातले पैसे ट्रॅक्टरला टेप बसवण्यात घातल्यासारखं होतं. ज्या टेकचा माल तुमच्या हद्दीत दिसायलाय तेच घ्या, बाकी राहू द्या.

मग सुरुवात कुठून? माझं मत इम्पेरियस. बार्डूरवर चुका झाकल्या जातात, इम्पेरियसवर स्टार वाया गेला की दोन टर्ननी लगेच दिसतं. पर्फेक्शन मोडमधी तीस टर्नचीच गेम असते, तिथं एकाच बॉटसोबत खेळत जा आणि दर वेळी दहाव्या टर्नला किती स्टार येतात तेवढं बघत जा. आकडा वाढत गेला की बार्डूर घ्या, लई सोपं वाटेल.

विकतच्या ट्राइबचं विचाराल तर पोलारिस, सिमँटी असल्या स्पेशल आत्ता नका घेऊ, त्यांचं टेकच वेगळं असतं, तिथं शिकलेलं इकडं कामी येत नाही. मोबाईलवर ऑनलाइन मल्टिप्लेअर खेळायला मात्र एक तरी ट्राइब विकत घ्यावी लागते, तेव्हा किकू घ्या, फिशिंग पहिल्यापासून असतं आणि पाण्याच्या मॅपवर या चौघींपैकी एकीचं पण तिच्यापुढं काही चालत नाही.