प्रोजेक्टचा डेटा बाहेर भरायला देणार असाल तर हे आधी वाचा

एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या सांगली-मिरजेकडच्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे राज्यात 2023-24 पासून पदव्युत्तर अभ्यासक्रम बदलले आणि संशोधन प्रकल्प सगळ्यांच्याच वाट्याला आला. तिसऱ्या सेमिस्टरला 4 क्रेडिट, चौथ्याला 6. गाईड असतात, पण एका मॅडमकडे किती मुलं असतात हे तुम्हालाही माहीत आहे. या अडचणीवर दुकानं उघडून बसलेली माणसं आहेत. त्यातल्या एकाने मला कसं लुबाडलं ते सगळं सांगते.

माझा विषय अर्थशास्त्राचा. तासगाव तालुक्यातले बेदाणा उत्पादक माल वाळवण्याच्या शेडवरूनच विकतात की कोल्ड स्टोरेजला ठेवतात, आणि ठेवला तर भाडं, व्याज धरून हातात काय उरतं, हे बघायचं होतं. सावळज, मणेराजुरी आणि आजूबाजूच्या गावांत जाऊन 63 शेतकऱ्यांकडून प्रश्नावल्या भरून आणल्या. ऐन हंगामात, रॅकवर द्राक्षं टाकायची घाई असताना या लोकांनी मला वेळ दिला. सौद्यातली उधळण (माल बघताना खाली सांडून जाणारा बेदाणा), वजनातली तूट, उसनवारी, कुणाचे किती पैसे अडत्याकडे अडकलेत, असलं घरातलं बोलणं त्यांनी माझ्यापुढे केलं. हा डेटा माझ्यासाठी नुसता डेटा नव्हता.

टायपिंग, एक्सेलमध्ये भरणं, तक्ते काढणं आणि बाइंडिंग बाहेरून करून घ्यायला आमच्या विभागात परवानगी आहे. विश्रामबाग भागातल्या एका सेंटरमध्ये या कामाचे 6,500 रुपये ठरले, निम्मे आधी. पैसे सेंटरच्या खात्यावर नाही, दुसऱ्याच एका नावाच्या खात्यावर घेतले. झेरॉक्स चालणार नाही, पेन्सिलने लिहिलेलं उठत नाही, असं सांगून मूळ प्रश्नावल्यांचा गठ्ठा ठेवून घेतला. माझ्या हातात आली ती वहीच्या कागदावर लिहिलेली पावती, त्यावर ना शिक्का ना पत्ता. आता कळतंय की सगळा खेळ त्या गठ्ठ्याचा होता. मूळ कागद त्यांच्या ताब्यात आणि सबमिशनची तारीख आपल्या डोक्यावर, की पुढे ते म्हणतील तसं.

आधी फोन आला की सॅम्पल कमी आहे, युनिव्हर्सिटी रिजेक्ट करेल, वाढवून देतो. मी स्पष्ट सांगितलं की सॅम्पल गाईडनी ठरवलंय, आहे तेवढंच भरा. तरी जी शीट आली तिच्यात 200 ओळी होत्या. म्हणजे 137 शेतकरी नवीन जन्माला घातलेले! एका ओळीत द्राक्षं 3 टन आणि त्याचा बेदाणा 2 टन. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं की साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. खाली बघत गेले तर वयाचा रकाना 38, 42, 45, पुन्हा 38, 42, 45. माल शेडवरूनच विकला असं ज्यांच्यापुढे लिहिलंय, त्यांच्याच पुढच्या रकान्यात कोल्ड स्टोरेजचं भाडं भरलेलं. तक्ते मात्र देखणे, आणि माझी सगळीच्या सगळी गृहीतकं सिद्ध झालेली. खऱ्या माणसांच्या उत्तरांतून असं सहसा होत नाही. काहीतरी उलटं निघतंच, आणि बहुतेक वेळा तेच शिकण्यासारखं असतं.

मी जाब विचारला तर म्हणाले, "अहो ताई, एवढं कोण बघतंय? एक्स्टर्नल पहिलं पान आणि शेवटचं पान बघतो." एक्स्टर्नल म्हणजे बाहेरून येणारे परीक्षक.

या वाक्याचा राग मला अजून येतो. ज्या माणसाने मला कर्जाचा आकडा विश्वासाने सांगितला, त्याच्या शेजारी खोटा माणूस उभा करायचा आणि दोघांची सरासरी काढायची? उद्या कुणी तो प्रोजेक्ट वाचून कोल्ड स्टोरेजच्या भाड्याबद्दल काही बोललं, तर ते आमच्याच लोकांच्या नावावर खोटं बोलल्यासारखं होईल.

मूळ 63 ओळींची शीट आणि वर्ड फाईल द्या म्हटल्यावर पुढची मागणी आली. प्लॅगॅरिझम सर्टिफिकेटचे, म्हणजे मजकूर कुठून उचललेला नाही या दाखल्याचे 1,500. ते दिल्याशिवाय फाईल सोडेनात, म्हणून दिले. रिपोर्टवर 7 टक्के साम्य. पण माझा मजकूर 14,000 शब्दांच्या आसपास आणि रिपोर्टवर शब्दसंख्या 9,000 च्या घरात, फाईलचं नाव भलत्याच कुणाचं. दुसऱ्याच्या रिपोर्टवर माझं नाव चिकटवलं होतं. हातात रिपोर्ट आला की शब्दसंख्या, पानं, तारीख आणि फाईलचं नाव पहिल्यांदा जुळवून बघा. खरं तर ही तपासणी विकत घ्यायची गरजच नसते. 2019 पासून शोधशुद्धी योजनेतून इन्फ्लिबनेट ही विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणारी सरकारी संस्था विद्यापीठांना हे सॉफ्टवेअर पुरवते. विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या ग्रंथालयात आधी चौकशी करा. शिवाय बाहेरच्या खात्यावर तपासताना फाईल त्यांच्या साठ्यात जतन झाली, तर नंतर तुमचाच मजकूर तुमच्याशी जुळतो आणि चोर तुम्ही ठरता. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) 2018 चे नियम पदव्युत्तर प्रबंधालाही लागू आहेत. साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, 10 ते 40 ला सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, 40 ते 60 ला वर्षभर सादरच करता येत नाही, आणि 60 च्या वर नोंदणी रद्द.

एवढ्यावर थांबले नाहीत. "आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये पेपर छापल्याशिवाय व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) बसू देत नाहीत, 3,000 भरा." सोबत आयएसएसएन नंबर दाखवला. आयएसएसएन ही नियतकालिकाची फक्त ओळख आहे. तो भारतात फुकट मिळतो आणि त्यावरून दर्जा ठरत नाही. पीएच.डी.साठीसुद्धा प्रबंधाआधी पेपर छापायची सक्ती यूजीसीने 2022 च्या नियमांत काढून टाकली, मग आपल्याला ती कुठून आली? तुमच्या अभ्यासक्रमाच्या परिपत्रकात लिहिलेलं नसेल तर अशा बोलण्यावर एक रुपया देऊ नका. मी दिला नाही, आणि त्या दिवसापासून त्यांनी माझे फोन उचलणं बंद केलं.

मला तारलं ते माझ्या गाईड मॅडमनी. फील्डवर असताना रोज संध्याकाळी भरलेल्या प्रश्नावल्यांचे फोटो त्या मागवायच्या. मणेराजुरीकडच्या दिवसांत रेंज नसायची म्हणून ते राहिले, बाकीच्या 41 प्रश्नावल्यांचे फोटो शाबूत होते. मॅडम म्हणाल्या, "त्याची शीट उघडूसुद्धा नकोस. 41 तर 41, खरे आहेत ना?" तेवढ्यावरच प्रोजेक्ट पुन्हा उभा केला. एक्सेलच्या पिव्होट टेबलवर वारंवारितेचे तक्ते निघाले आणि काय-स्क्वेअरसाठी (दोन गोष्टींचा संबंध आहे का हे तपासणारी चाचणी) जामोवी हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर वापरलं, जे फुकट आहे आणि शिकायला सोपं आहे. मर्यादांच्या प्रकरणात बाकीच्या प्रश्नावल्या का नाहीत हे सरळ लिहिलं. एक्स्टर्नल सरांनी नेमकं तेच पान उघडून विचारलं, मी झालं ते सांगितलं. प्रोजेक्ट मान्य झाला. आणि हो, लहान शेतकरी भाडं परवडत नाही म्हणून लगेच माल विकतात हे माझं गृहीतक त्या 41 जणांत टिकलं नाही. द्राक्षाच्या औषधांची उधारी भागवायची म्हणून विकणारेच जास्त निघाले.

तुमच्यावर ही पाळी आली तर यूपीआयचे स्क्रीनशॉट, चॅट आणि पावती पुसू नका. ऑनलाइन पैसे गेले असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा. पोलिसांकडे फसवणुकीची तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली होते. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या रकमेला फी लागत नाही आणि वकील हवाच असं नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरी बसून अर्ज करता येतो. मी तो केलाय. पैशांबरोबर सगळ्या 63 मूळ प्रश्नावल्या परत मिळाव्यात अशी मागणी अर्जात वेगळी लिहिली आहे, कारण त्यांच्यावर त्या शेतकऱ्यांची नावं, फोन नंबर आणि कर्जाचे आकडे आहेत आणि ते अजून त्या माणसाकडे पडून आहेत. त्या सगळ्यांना मी भेटून हे सांगितलंय, आणि तुमच्या प्रश्नावल्यांवर कुणाचं नाव-नंबर असेल तर भरायला देण्याआधी तेवढा भाग कापून स्वतःजवळ ठेवा.