चांदीचे रुपये, कूलरची हवा आणि स्टेपलरची पिन : नाण्यांच्या अल्बम-होल्डरचा दीड वर्षाचा अनुभव

दिवाळीची साफसफाई करताना बाबांच्या नाण्यांचा अल्बम उघडला आणि पहिल्याच पानावर हात थांबला. पंचम जॉर्जचा १९१९ चा रुपया कप्प्यातून निघेना. प्लास्टिक नाण्याला चिकटून बसलं होतं. हळूच सोडवलं तर राजाच्या दाढीवर हिरवट, चिकट थर. त्याच पानावरच्या आणखी दोन रुपयांची तीच गत. भोकाच्या पैशांचं पान तर बघवेना, सहापैकी चार हिरवे. हा अल्बम मी त्याच वर्षी संक्रांतीला साडेसहाशे रुपये देऊन ऑनलाइन मागवला होता. त्याआधी हीच नाणी चाळीस वर्षं पत्र्याच्या डब्यात फडक्यात बांधून ठेवलेली होती. काळी पडली होती, पण हिरवं एकही नव्हतं. बाबांनी डब्यात जे सांभाळलं ते मी अल्बममध्ये दहा महिन्यांत खराब केलं, हे फार लागलं.

आई म्हणाली, "कळकलं ते. काहून रडतेस, चिंच-मीठ लावून घास ना." पितळेच्या तांब्याला ते चालतं. नाण्याला चिंच लावली की वरचा जुना थर जातो आणि त्याबरोबर किंमतही. आईच्या हातून चिंचेचा डबा काढून घेतला आणि आधी हे हिरवं आलं कुठून ते शोधायला बसले.

उत्तर अल्बमच्या पानांत होतं. मऊ, लवचिक, नव्या रेनकोटसारखा वास येणारी पानं पीव्हीसीची, म्हणजे क्लोरीन असलेल्या प्लास्टिकची असतात. ती मऊ राहावीत म्हणून त्यात तेलकट रसायन घातलेलं असतं. उष्णतेने ते बाहेर झिरपतं, शिवाय पीव्हीसी विघटन पावू लागलं की त्यातून आम्ल सुटतं. तांबं त्यात सगळ्यांत आधी हिरवं होतं. १९४३ ते ४७ चे भोकाचे पैसे कांस्याचे, म्हणून त्यांचे हाल जास्त. १९४० ते ४५ चे रुपये निम्म्याच चांदीचे आणि उरलेल्यात बहुतांश तांबं, तेही लवकर धरतात. माझ्याकडचा १९४७ चा निकेलचा वाघवाला रुपया मात्र त्याच अल्बममध्ये दहा महिने राहून जसाच्या तसा निघाला.

पण विक्रेत्याच्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं की अल्बम पीव्हीसीमुक्त आहे. म्हणून मी तपासून पाहिलं. जुन्या वायरमधली तांब्याची तार चिमट्यात धरून गॅसच्या आचेवर लाल केली, ज्योतीला रंग येईनासा झाल्यावर ती गरम तार अल्बमच्या पानाच्या कोपऱ्याला टेकवली आणि पुन्हा आचेत धरली. झगझगीत हिरवी ज्योत निघाली. हिरवी ज्योत म्हणजे प्लास्टिकमध्ये क्लोरीन. खात्रीसाठी तार दुसऱ्या एका फ्लिपला, म्हणजे नाणं ठेवायच्या दुमडत्या पाकिटाला टेकवली, पॉलिएस्टरच्या, हाताळताना कुरकुर वाजणाऱ्या. हिरवं काही निघालं नाही. हे करायचं असेल तर गच्चीवर करा, धूर घातक असतो, आणि तुकडा नखाएवढाच घ्या.

ज्योतीचा व्हिडिओ विक्रेत्याला पाठवला. पहिलं उत्तर आलं, "मॅडम, परत करण्याची मुदत दहा दिवसांची होती." मी लिहिलं की पान पीव्हीसीचं आहे हे दहा दिवसांत कोणाला कळणार? मग नाणी आधीपासूनच खराब असतील असं सांगितलं. तीन आठवडे मेल चालले. शेवटी पुढच्या खरेदीवर शंभर रुपये सूट देऊ केली. मी ती घेतली नाही. साडेसहाशे गेले त्याचा राग आहेच, पण पानावर खोटं लिहून विकतात आणि तो अल्बम आजही तसाच विकला जातो, याचा जास्त आहे.

हिरवा थर ॲसिटोनने निघाला. नखांचं रिमूव्हर नव्हे, त्यात सुगंध आणि तेल असतं. शुद्ध ॲसिटोन प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून आणलं. काचेच्या बरणीत (प्लास्टिकची नको, विरघळते) नाणं बुडवून झाकण लावायचं, घासायचं नाही, थोड्या वेळाने ॲसिटोन बदलायचं. खिडक्या उघड्या, आसपास गॅस-दिवा काही पेटता नको. दोन रुपये स्वच्छ झाले. १९१९ च्या रुपयावर दाढीपाशी बारीक खड्डे राहिले, ते कायमचे.

आता नवं सामान. नोव्हेंबरपासून २१२ नाणी तीन प्रकारांत वाटली. पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर, मध्ये पॉलिएस्टरची खिडकी, शंभरचा गठ्ठा चारशेला. चांदीसाठी कडक गोल कॅप्सूल, एक पंचवीसला. आणि साध्या पैशांसाठी पॉलिएस्टरचे फ्लिप. सगळीच नाणी कॅप्सूलमध्ये घालायची तर पाच हजारांवर जात होतं, तेवढं माझ्याच्याने होत नव्हतं.

पुठ्ठ्याचे होल्डर मला इतके आवडले की मार्चमध्येच इथे लिहिलेल्या परीक्षणात त्यांना पाचपैकी पाच गुण दिले होते. नाव-साल पुठ्ठ्यावर लिहिता येतं, नाणं दोन्ही बाजूंनी दिसतं, खोक्यात उभे रचता येतात. षटकोनी तीन पैसे, चौकोनी एक पैसा, काठाला नक्षी असलेले दहा पैसे, सगळे त्यात बसतात. पाच गुण आता मागे घेते, आणि कारण आहे पिन.

हे होल्डर दुमडून तीन बाजूंनी पिन मारून बंद करायचे असतात. चिकटपट्टीवाले मिळतात, पण दोन रुपयांनी महाग, आणि आमचं लोखंडी कपाट पश्चिमेच्या भिंतीला आहे. मे महिन्यात तिथे चिकटपट्टी टिकेल असं वाटलं नाही, म्हणून पिनवाले घेतले. साधी पिन मागच्या बाजूला दोन पाय वाकवून बसते. ते पाय पुठ्ठ्याच्या वर राहतात. खोक्यात होल्डर एकमेकांना लागून उभे, त्यामुळे एकाच्या पिनेचे पाय पुढच्याच्या खिडकीवर घासतात. एप्रिलमध्ये १९६९ चं गांधी शताब्दीचं दहा रुपयांचं चांदीचं नाणं पाहायला काढलं तेव्हा खिडकीवर तीन आडवे ओरखडे होते. पॉलिएस्टर फाटलं नव्हतं, नाणं वाचलं. पण बघताना पोटात गोळा आला.

दुसरं, होल्डर उघडताना. नाणं बदलायचं तर पिन उपसावी लागते, आणि उपसताना तिचं टोक आत येतं. शेजारच्या मुलाने घाईत एक पिन ओढली आणि १९५७ च्या नव्या पैशावर रेघ उमटली. आता कोणालाही पिन काढू देत नाही. आधी कात्रीने पुठ्ठ्याची कड पिनेसकट कापते, मग होल्डर उघडते. होल्डर वाया जातो, जाऊ दे.

तिसरं जूनमध्ये दिसलं, पिनांना तांबूस डाग. गंज. मी तर सिलिका जेलच्या पुड्या घातल्या होत्या! मग तीनशे रुपयांचा आर्द्रता मोजणारा छोटा मीटर आणला आणि चूक सापडली. भर दुपारी गच्चीवर तो १८ टक्के दाखवत होता, आणि कपाट आहे त्या खोलीत, कूलर चालू असताना, ७१. नागपूरचा उन्हाळा कोरडा म्हणून आपण निश्चिंत असतो, पण नवतपात, उन्हाळ्याच्या सगळ्यांत तापलेल्या नऊ दिवसांत, चोवीस तास वाळ्याच्या ताट्यांतून ओली हवा आपणच घरात ओढतो. खिडकी पुरेशी उघडी नसली की ती हवा कपाटापर्यंत जाते. पीव्हीसीचा अल्बमही त्याच खोलीत होता, उष्णता आणि ओल दोन्ही एकदम. सिलिका जेल महिनाभरात भरून गेलं होतं. निळे दाणे गुलाबी झालेले मी पाहिलेच नव्हते.

खोकं कूलर नसलेल्या आतल्या खोलीत, भिंतीपासून लांब ठेवलं. तिथे पन्नासच्या खाली आकडा असतो. पावसाळ्यात वर जातो, म्हणून जेलच्या पुड्या दर पंधरवड्याला कढईत मंद आचेवर सुकवते. कपाटातल्या डांबराच्या गोळ्याही काढल्या, त्यांच्या वाफेने कॅप्सूलचं प्लास्टिक मऊ पडू शकतं.

आणि पिनेचा उपाय सीताबर्डीच्या बाजारात मिळाला. पिन सपाट दाबून बसवणारा स्टेपलर असतो हे मला माहीत नव्हतं. दुकानदार म्हणाला, "ताई, वकिलांच्या ऑफिसात हाच जातो, फायली फुगत नाहीत." चारशे वीस रुपये. घरी येऊन एक होल्डर बंद केला, मागून बोट फिरवलं, कुठेच टोचलं नाही. दीड वर्षात पहिल्यांदा या प्रकरणात मनापासून आनंद झाला. दोन रात्री बसून सगळे होल्डर नव्याने बंद केले, गंजक्या पिना काढून. चारशे वीस आधी खर्च केले असते तर चिकटपट्टीवाल्यांच्या दोन रुपयांचा हिशोब करत बसावं लागलं नसतं. ज्यांना हा स्टेपलर घ्यायचा नाही त्यांनी पिनेचे पाय पकडीने, मध्ये कापडाची घडी ठेवून, दाबून घ्यावेत. शंभर होल्डरला हात दुखतो, पण जमतं.

कॅप्सूलबद्दल तक्रार एकच, मापाची. जुना चांदीचा रुपया साडेतीस मिलिमीटरच्या आसपास. बत्तीसच्या कॅप्सूलमध्ये तो खुळखुळतो, तीसमध्ये जात नाही. आतल्या फोमच्या रिंगसह मागवा, आणि त्या फोमचीही तारेने परीक्षा घ्या. माझ्या पहिल्या लॉटमधल्या काळ्या रिंगने हिरवी ज्योत दिली, तो लॉट लगेच परत केला. पैसे आठवड्यात आले.

बाबा मला लहानपणी अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या वस्तुसंग्रहालयात, नाणी दाखवायला न्यायचे. काचेला नाक लावून उभे राहायचे आणि प्रत्येक नाण्याचं साल मला वाचायला लावायचे. म्हणून १९१९ चा तो रुपया मी सगळ्यांत चांगल्या कॅप्सूलमध्ये घातला आहे, दाढीवरच्या खड्ड्यांसकट. आत चिठ्ठी नाही, कागदाचाही भरवसा नाही. वहीत त्याच्या नावापुढे अल्बमची तारीख आणि ॲसिटोनची तारीख लिहून ठेवली आहे. गांधींच्या दहा रुपयांसाठी चौतीसची कॅप्सूल मागवली आहे, ती आली की पुठ्ठ्यातून तेही काढेन.