हलक्या लिनक्सवर सॉफ्टवेअर टाकायचंय: ॲप्ट, डेब फाइल, ॲपइमेज की फ्लॅटपॅक?

जुन्या लॅपटॉपवर लुबुंटू किंवा अँटीएक्ससारखं हलकं लिनक्स टाकलं की मशीन पुन्हा पळायला लागतं. अडतं ते पहिलं सॉफ्टवेअर टाकताना. एकच प्रोग्राम चार वाटांनी मिळतो, मग घ्यायचा कुठून? मी एवढंच बघतो: उद्या काही बिघडलं तर काय बिघडलं ते मला कळेल का, आणि दुरुस्त करता येईल का?

या कसोटीवर ॲप्टला, म्हणजे लिनक्सच्या अधिकृत साठ्यातून सॉफ्टवेअर आणणाऱ्या कमांडला, तोड नाही. त्याचे एरर मेसेज नीट वाचले तर बहुतेक वेळा उत्तर त्यातच असतं. ‘अनेबल टू लोकेट पॅकेज’ आलं तर आधी स्पेलिंग तपासा, मग ‘सुडो ॲप्ट अपडेट’ चालवा. उबुंटूच्या कुळात ‘युनिव्हर्स’ ही रिपॉझिटरी (सॉफ्टवेअरचा ऑनलाइन साठा) बंद असली तरी हेच दिसतं. ‘कुड नॉट गेट लॉक’ म्हणजे मागे दुसरं अपडेट चालू आहे. धीम्या मशीनवर त्याला वेळ लागतो, तेव्हा थांबा. लॉकची फाइल (एका वेळी एकच काम चालावं म्हणून असते ती) उडवून टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो. कृपया तो ऐकू नका, पॅकेजचा डेटाबेस बिघडू शकतो. काम मध्येच तुटलं असेल तर ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ ते पुढे नेतं. सगळीकडे ४०४ (फाइल सापडत नाही) येत असेल तर तुमच्या आवृत्तीची मुदत संपली आहे का बघा. उबुंटूच्या एलटीएस (दीर्घ मुदतीच्या सपोर्टच्या) नसलेल्या आवृत्त्यांना फक्त ९ महिने सपोर्ट असतो.

मला सगळ्यांत जास्त छळलं ते घड्याळानं. अँटीएक्स टाकलेला एक जुना लॅपटॉप ‘रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट’ एवढंच म्हणत होता. मी दोनदा मिरर (सॉफ्टवेअर उतरवायचा सर्व्हर) बदलला, वायफाय तपासलं. मग सहज पॅनलच्या कोपऱ्याकडे लक्ष गेलं, तिथे साल होतं २००९! मदरबोर्डवरची बटण-बॅटरी संपली होती. तारीख नीट केली आणि अपडेट एका दमात पार पडलं. जुनं मशीन असेल तर हे सगळ्यांत आधी बघा. ब्राउझरमध्ये सर्टिफिकेटच्या तक्रारी येत असतील तर तीही याचीच खूण असू शकते.

डेब फाइल, म्हणजे डेबियन-उबुंटूसाठीचं तयार पॅकेज, डाउनलोड करून टाकायची असेल तर ‘डीपीकेजी -आय’ नको. डिपेंडन्सी (त्याला लागणारी इतर पॅकेजं) नसल्या तर ते पॅकेज अर्धवट सोडतं आणि मग ‘ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ करत बसावं लागतं. फाइलच्या नावाआधी ./ लावून ती ॲप्टलाच द्या, डिपेंडन्सी तो स्वतः आणतो. मात्र ‘लिबसी६’ची (जवळजवळ सगळे प्रोग्राम वापरतात ती मूळ लायब्ररी, म्हणजे सामायिक कोड) नवी आवृत्ती मागितली तर तिथेच सोडून द्या. दुसऱ्या रिलीजमधून लिबसी६ ओढून आणली तर अख्खी सिस्टिम कोलमडू शकते.

अशा वेळी फ्लॅटपॅक कामाला येतं, कारण ते आपल्या लायब्ररी आपल्याबरोबर आणतं. किंमत मोजावी लागते ती डिस्कवर: पहिल्याच ॲपबरोबर शेकडो एमबींचा रनटाइम (ॲप चालायला लागणाऱ्या लायब्ररींचा संच) उतरतो. तोच रनटाइम वापरणारं दुसरं ॲप मात्र स्वस्तात पडतं. ३२ जीबीच्या ईएमएमसीवर (स्वस्त लॅपटॉपमधली छोटी स्टोरेज चिप) दोन-तीन ॲपपर्यंत ठीक, आणि अधूनमधून ‘फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल --अनयूज्ड’ चालवायचं.

एखाद-दुसराच प्रोग्राम हवा असेल तर मी ॲपइमेज घेईन. एकच फाइल, तिला चालवायची परवानगी दिली की झालं, नको असेल तेव्हा डिलीट. डबल-क्लिक करूनही काहीच होत नसेल तर टर्मिनलमधून चालवा; बहुधा फ्यूजची (ॲपइमेज उघडायला लागणारी सोय) तक्रार दिसेल. उबुंटू २२.०४ पासून ‘लिबफ्यूज२’ आधीपासून नसतं, आणि २४.०४ मध्ये पॅकेजचं नावच ‘लिबफ्यूज२टी६४’ झालंय. अपडेटची आठवण मात्र बहुतेक वेळा आपली आपणच ठेवायची.

स्नॅप, म्हणजे उबुंटूची फ्लॅटपॅकसारखी पद्धत, २ जीबी रॅमवर मी टाकणार नाही. त्याची सेवा सतत मागे चालू राहते, शिवाय त्याला सिस्टमडी (मागच्या सेवा सुरू करून सांभाळणारा प्रोग्राम) लागतं, जे अँटीएक्समध्ये नसतं.

आणि हे सगळं ठरवण्याआधी टर्मिनलमध्ये ‘यूनेम -एम’ चालवून बघा. आय६८६ दिसलं तर सिस्टिम ३२-बिट आहे. फ्लॅटहबवर (फ्लॅटपॅक मिळतात ते ठिकाण) तुमच्यासाठी काही नाही, ॲपइमेज बहुतेक ६४-बिटच असतात, म्हणजे उरतं ते ॲप्ट. २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२-बिट इन्स्टॉलरच नाही, त्यामुळे अशा मशीनवर डेबियन १२ किंवा त्यावर उभं असलेलं अँटीएक्स २३ ठेवा.